दीक्षाच्या पत्रिकेवरची घुबडं

इस्लामपूरच्या आप्पासाहेब मधाळ्यांना माणसाचं नाव चटकन आठवायचं नाही, नंबर मात्र पक्का ध्यानात राहायचा. उमेदीची सगळी वर्षं लष्कराच्या सिग्नल विभागात घालवलेला माणूस. तिथं माणसाला नंबर, गाडीला नंबर, बंदुकीला नंबर, इतकंच काय, जेवणाच्या ताटलीलाही नंबर. हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले तरी सवय गेली नाही. शेजारी कुणी आजारी पडलं की ते बायकोला घरनंबर सांगून विचारायचे, "तीनशे बाराचं कसं हाय आता?" आणि पारूबाई म्हणायच्या, "आवं, माणूस हाय का खोली?"

गावी आल्यावर त्यांनी स्टँडच्या मागं एक गाळा घेतला, त्यात कॉम्प्युटर मांडला आणि दारावर 'तथागत डी.टी.पी. सेंटर' अशी पाटी लावली. सत्त्याण्णव साल होतं. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरावर पारूबाईंनी विणलेला रुमाल, आणि चप्पल बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. साखर कारखान्याच्या सभेच्या नोटिसा, जत्रेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, लग्नपत्रिका असलं काम यायचं. आप्पासाहेब दोनच बोटांनी टाइप करायचे, पण त्या दोन बोटांत तारयंत्राचा वेग होता.

एका दुपारी सांगलीहून एक बाई आल्या. संयोगिता घोरपडे त्यांचं नाव, कॉलेजात इतिहास शिकवायच्या. त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक कागदावर चित्रंच चित्रं. बसलेली माणसं, पक्षी, साप, पाय, दोऱ्या, भांडी.

"ही प्राचीन इजिप्तची लिपी," बाई म्हणाल्या. "चित्रं दिसतात, पण अक्षरं आहेत. बाहेरच्या देशातले काही अभ्यासक म्हणताहेत की यातल्या प्रत्येक चिन्हाला कॉम्प्युटरसाठी एक कायमचा नंबर द्यावा. म्हणजे इथं टाइप केलेलं चिन्ह जगात कुठल्याही मशीनवर तसंच दिसेल. मला माझ्याकडच्या चिन्हांची स्वच्छ चित्रं काढून, क्रमांक घालून यादी पाठवायची आहे. सांगलीत दोघांना विचारलं. एक म्हणाला, बालवाडीचं पुस्तक आहे का? दुसऱ्यानं करणीचं काहीतरी समजून कागद परत केले."

आप्पासाहेबांच्या कानात एकच शब्द शिरला होता.

"नंबर द्यायचाय? परत्येकाला?"

"हो."

"म्हंजे आजपतोर यांना नंबरच न्हवता?"

"पुस्तकातला आहे. मशीनमधला नाही."

"आनि ही चित्रं कवाची म्हनला?"

"जुन्यात जुनी पाच हजार वर्षांची."

आप्पासाहेबांनी गठ्ठा जवळ ओढला. त्यांचा चेहरा खरोखरीच उतरला होता. "पाच हजार वर्सं बिननंबरी! सोडून जा बाई. मी बघतो यांच्याकडं."

त्या दिवसापासून त्या गाळ्यात परेड सुरू झाली. बाईंनी आणलेल्या यादीत माणसांची एक तुकडी होती, तिचं अक्षर ए. बायकांची बी. पक्ष्यांची जी. ए-एक म्हणजे बसलेला गडी. आप्पासाहेब त्याला पडद्यावर माऊसनं गिरवायचे आणि दटावायचे, "नीट बस. पाठ सरळ." एखाद्याचं नाक वाकडं आलं की पुसून पुन्हा काढायचे. लाईट मध्येच जायची आणि अख्खी तुकडी गायब व्हायची. मग ते हात कमरेवर ठेवून अंधाऱ्या पडद्याकडं असे बघायचे, की जणू ती सगळी विनापरवाना रजेवर गेलीत.

पक्ष्यांवर मात्र त्यांचं घोडं अडलं. सगळेच सारखे दिसायचे. पारूबाईंचं माहेर जतकडचं, लहानपण मेंढरांमागं माळावर गेलेलं, तेव्हा त्या डबा घेऊन आल्या की ते त्यांना खुर्चीवर बसवायचे.

"हे काय गं?"

"कोंबडं."

"बाईंनी गिधाड लिवलंय."

"मग गिधाडावानी काढा की. मान बघा कशी हाय! आणि हा बगळा."

"त्यो देव हाय त्यांचा."

"आसंल. बगळाच हाय."

एका चित्राशी मात्र पारूबाई थबकल्या. समोर तोंड करून टकमका बघणारं घुबड. नंबर जी-सतरा.

"हे घरात नको."

"दुकानात हाय."

"दुकानात बी नको."

"पारू, आपन मानतो व्हय असलं काय? छप्पन सालीच सोडलं सगळं आपल्या लोकांनी."

"मानत न्हाई मी," पारूबाई डबा बांधत म्हणाल्या. "पन नको."

घुबड राहिलं. बाई सांगत होत्या की या चिन्हाचा उच्चार 'म' असा करायचा आणि ते लिपीत सारखं येतं. म्हणून टाइप करायला सोपं जावं यासाठी आप्पासाहेबांनी ते इंग्रजी एमच्या बटणावर बसवलं. सिंहाला एल दिलं, शेणकिड्याला एस. अशी निरनिराळ्या बटणांवर चिन्हं बसवून त्यांनी एक फाँट तयार केला. फाँट म्हणजे अक्षरांचा संच. त्याला नाव द्यावं लागतं. मशीननं नाव विचारलं तेव्हा त्यांनी लेकीचं नाव टाकलं. दीक्षा.

त्यात काही वावगं नव्हतं. दीक्षा त्यांची एकुलती एक मुलगी, नर्सिंग झालेली, आणि नुकतंच तिचं लग्न ठरलेलं. मुलगा रोहन रोकडे, मेढ्याचा, साताऱ्यात बँकेत कामाला. त्याचे वडील ज्ञानू रोकडे प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि उभ्या जावळी तालुक्यात त्यांचं नाव होतं ते अंधश्रद्धेवरच्या भाषणांसाठी. त्यातही त्यांचं घुबडावरचं भाषण गाजलेलं. 'घुबड, शेतकऱ्याचा दुर्लक्षित मित्र' असा विषय असायचा आणि पोरं त्यांना पाठीमागं काय म्हणायची ते सांगायला नको.

लेकीची पत्रिका आप्पासाहेबांनी स्वतः जुळवली. वर बुद्धाची प्रतिमा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली 'मंगल परिणय', मग वधूवरांची नावं सुरेख वळणदार. हे सगळं चित्र म्हणून घातलेलं. त्याखालचा मजकूर, म्हणजे तारीख, वार, स्थळ आणि निमंत्रकांची भलीमोठी रांग, हे मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं. फ्लॉपी घेऊन ते सांगलीला हंबीररावांच्या छापखान्यात गेले. "फाँट बी टाकलाय त्याच्यात," म्हणाले. "निम्म्या आमच्याकडं, निम्म्या परस्पर मेढ्याला धाडा. एस.टी.च्या पार्सलनं."

आता गंमत अशी, की त्या काळात कॉम्प्युटरला मराठी अक्षर कळायचं नाही. त्याला कळायचा फक्त बटणाचा नंबर. त्या नंबराच्या अंगावर मराठी फाँट चढवला की काना दिसायचा, दुसरा चढवला की दुसरंच काही. फ्लॉपीवर घाईघाईत दोन्ही फाँट गेले होते. हंबीररावांनी बघितलं, लग्न दीक्षाचं, फाँटचं नाव दीक्षा. त्यांनी तोच चढवला. पडद्यावर पाखरं आणि साप आले तेव्हा ते जरा चपापले. पण आदल्याच महिन्यात एकानं पत्रिकेवर हेलिकॉप्टर छापून घेतलं होतं. पसंती आपली आपली, असं म्हणून त्यांनी छापून टाकल्या.

इस्लामपूरचा गठ्ठा आला तेव्हा तो दीक्षानंच सोडला. पहिली पत्रिका हातात घेऊन तिनं ती आधी सुलटी, मग उलटी धरून बघितली.

"आप्पा," ती म्हणाली, "माझं लग्न कुठं आहे? जंगलात?"

आप्पासाहेबांनी पत्रिका घेतली. वर बुद्ध शांत हसत होते. खाली ओळीच्या ओळी घुबडं. त्यांनी जे घुबड एमच्या बटणावर बसवलं होतं, त्याच बटणावर त्यांच्या मराठी फाँटचा काना होता. आणि मराठीत काना तरी किती! 'आमचा', 'सहपरिवार', 'मान्यवर', दर शब्दाआड एक घुबड वाचणाऱ्याकडं तोंड करून बसलेलं. जिथं काना आणि मात्रा, तिथं घुबड आणि त्याच्या डोक्यावर साप.

पारूबाईंनी एकदाच बघितलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. रडताहेत असं वाटून आप्पासाहेब मागोमाग गेले, तर त्या चुलीपाशी बसून हसत होत्या. हसून झाल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "मेढ्याला बी असलीच गेली असत्याल न्हवं?"

आप्पासाहेब उठून एस.टी.चं टाइमटेबल शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते निघाले. कऱ्हाड, सातारा, साताऱ्यात गाडी बदलून मेढा. पार्सलच्या आधी पोचायचं एवढं एकच डोक्यात. घाट चढताना ते मनातल्या मनात बोलणी जुळवत होते. 'मशीनची चूक झाली' हे बरं दिसत नव्हतं, 'माझी चूक झाली' हे त्याहून बरं दिसत नव्हतं.

रोकडे गुरुजींच्या घरात शिरताच त्यांना कळलं की पार्सल जिंकलंय. कोपऱ्यात गठ्ठा होता आणि त्याच्यावर टॉवेल झाकलेला.

"जयभीम पाव्हणे, या, या," गुरुजी उठून म्हणाले. ते नेहमी छापील मराठी बोलायचे, राग आला की तेवढी मेढ्याची भाषा बाहेर पडायची. "अचानक येणं केलंत?"

"जयभीम गुरुजी. आसंच. पत्रिका पोचल्या का बघावं म्हनलं."

"पोचल्या. उत्तम आहेत."

आप्पासाहेब चाट पडले. "उत्तम?"

"कागद उत्तम आहे," गुरुजी म्हणाले आणि टॉवेलकडं बघेनात.

आप्पासाहेबांना वाटलं, घुबडाचा विषय आपण काढला तर आपण घुबडाला भितो असं होईल. गुरुजींना वाटत होतं, मी काढला तर माझी तीस वर्षांची भाषणं पाण्यात जातील. मग दोघं पावसापाण्याविषयी बोलले, भाताविषयी बोलले, साताऱ्याच्या रस्त्याविषयी बोलले. शेवटी आतून गुरुजींच्या मंडळी लीलाबाई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "पाव्हणं, त्या पत्रिकंवर येवढी घुबडं का वो?"

"लीला!" गुरुजी म्हणाले. "घुबड हा शेतकऱ्याचा मित्र आहे."

"आसंल. लग्नाला कशाला पायजे? आनि मित्राला बोलवायचं तर त्याला पत्रिका द्यावी, पत्रिकंवर बसवू नये."

"मला घुबडाचं काहीही नाही," गुरुजी घाईनं आप्पासाहेबांकडं वळले. "माझी अडचण निव्वळ तारखेची आहे. तारीख वाचता येत नाही. तेवढंच."

"मलाबी घुबडाचं काय न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "तारखेचंच."

"दोघं बी घामानं भिजलाय," लीलाबाई म्हणाल्या.

मग आप्पासाहेबांनी टॉवेल काढला, एक पत्रिका गुडघ्यावर घेतली आणि सगळं सांगितलं. बाई, नंबर, बटणं, फाँटचं नाव. "ताई, ह्ये घुबड घुबड न्हाईच. ह्यो काना हाय. कपडं बदललेला. जवान तोच, नंबर तोच, वर्दी दुसऱ्याची चढली."

लीलाबाईंना ते पटलं नाही. "मग वाचून दावा."

आप्पासाहेब तारयंत्रावर वाढलेला माणूस. कुठल्या बटणावर कोण बसलंय हे त्यांना झोपेतही आलं असतं. त्यांनी निमंत्रकांच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये बघा. बदक, घुबड, पाय, दोरी."

"कोण त्यो?"

"ज्ञानू. ह्ये गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बदक कंचं?"

"बदक म्हंजे ज्ञ."

"म्हंजे ज्ञानाचा ज्ञ तुमी बदकावर बसीवला?" गुरुजींची छापील मराठी संपली होती.

"मी न्हाई बसीवला गुरुजी. बदक दुसरीकडनं आलं, त्याला जागा मोकळी दिसली ती तीच."

"आनि माजं?" लीलाबाई पुढं सरकल्या.

आप्पासाहेबांनी बोट पुढं नेलं. "सिंह, लाट. मग परत सिंह, घुबड. लीला."

"दोन सिंह?"

"दोन."

लीलाबाईंनी पत्रिका त्यांच्या हातातनं काढून घेतली आणि लांब धरून बघितली. सिंह खरंच झोकात बसले होते. आप्पासाहेबांनी त्यांच्यावर मेहनत घेतलेली होती. "ह्यांचं बदक," त्या सावकाश म्हणाल्या, "आनि माजं दोन सिंह." मग पत्रिका तशीच हातात घेऊन त्या शेजारी गेल्या.

तासाभरात रोकड्यांच्या ओसरीवर माणूस मावेना. पत्रिकेवर ज्याचं ज्याचं नाव होतं तो आपल्या नावात काय आहे ते विचारायला आला. आप्पासाहेब एकेकाला सांगत होते. कुणाला ससा, कुणाला होडी, कुणाला नुसताच भाकरीचा तुकडा. भाकरीवाला नाराज झाला, तेव्हा होडीवाल्यानं त्याची समजूत काढली. घुबडाविषयी कुणी बोलेना, कारण घुबड जवळजवळ सगळ्यांच्याच नावात होतं. पुन्हा छापायचं नाही, साध्या मराठीत तारीख-वार-स्थळाची चिठ्ठी छापून प्रत्येक पत्रिकेत घालायची, असं लीलाबाईंनी ठरवलं. गुरुजींना विचारलं नाही. गुरुजी आत जाऊन आरशात बघत होते.

सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं, तेवढ्यात गुरुजींचे थोरले चुलते सयाजीबाबा काठी टेकत आले. वयानं सगळ्यांत मोठे, मानानंही.

"माज्यात काय हाय रं?"

आप्पासाहेबांनी पत्रिकेकडं बघितलं आणि ओळीवरचं बोट मागं घेतलं. "बाबा, तुमच्यात... एक किडा हाय."

"कसला किडा?"

आप्पासाहेबांना खोटं बोलायची सवय नव्हती. "शेणातला."

सयाजीबाबा काठी उचलून तसेच माघारी फिरले. जाताना एवढंच म्हणाले की लग्नाला आमची वाट बघू नका.

हे प्रकरण मात्र शेवटपर्यंत चिघळलं. गुरुजी दोनदा जाऊन आले, रोहन रजा काढून जाऊन आला, खुद्द दीक्षानं इस्लामपूरहून फोन करून शेजाऱ्यांच्या घरी बाबांना बोलावलं, तर बाबा म्हणाले, "पोरी, तुजी काय चूक न्हाई. पन शेनकिडा तो शेनकिडाच." आप्पासाहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी सांगलीला जाऊन संयोगिताबाईंना पत्रिका दाखवली.

बाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग पत्रिका वाचायला घेतली, तोंडानं पुटपुटल्या, "म म फ म... हे कुठल्याच भाषेत काही नाही हो," आणि हसू आवरेना तेव्हा खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेल्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "चला. मीच येते मेढ्याला."

बाई सयाजीबाबांच्या समोर जमिनीवर बसल्या. "बाबा, हा किडा शेणाचा गोळा ढकलत नेतो ना, तसा कुणीतरी रोज सूर्य ढकलत वर आणतो, असं त्या लोकांना वाटायचं. म्हणून हा त्यांचा उगवत्या सूर्याचा किडा. राजे गळ्यात बांधायचे. आणि मी संयोगिता. तुमच्या नावातला स, म्हणजे हाच किडा, माझ्याही नावात आहे."

बाबा काठीवर पुढं वाकले. "राजं गळ्यात बांधायचं?"

"सोन्यात मढवून."

"आनि सिंह?"

"सिंह असाच असायचा इकडं तिकडं," बाई म्हणाल्या. हे त्या बाबांसाठी थोडं कमी करून बोलल्या असाव्यात.

बाबा लग्नाला आले. नुसते आले नाहीत, पहिल्या रांगेत बसले आणि येईल त्याला स्वतःच्या नावातला किडा दाखवू लागले. मेढ्याच्या हॉलमध्ये लग्न झोकात झालं. वंदना झाली, फुलं पडली, दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आप्पासाहेबांच्याही आलं. त्यांनी मात्र ते पंख्याच्या वाऱ्यामुळं आल्याचं सांगितलं. गुरुजींनी आभाराचं भाषण केलं. त्यात घुबड होतं, पण बदक नव्हतं.

बाईंची यादी पुढच्या थंडीत पुरी झाली आणि परदेशी रवाना झाली. तिचा कुणाला किती उपयोग झाला ते कळलं नाही. त्या चिन्हांना जगभर चालणारे नंबर मिळाले ते बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच लोकांच्या खटपटीनं. आप्पासाहेबांच्या मनात मात्र एक सल राहिला. हजारो वर्षांपूर्वीच्या बगळ्याच्या नंबरासाठी एवढी खटपट, आणि आपल्या कान्याला या मशीनमध्ये हक्काची जागा नाही, कुणीही येऊन बसावं? हा प्रश्न ते येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "व्हय की," आणि हँडबिलं कवा मिळतील ते विचारायचं.

शेवटी त्यांनी दारावर एक पाटी लावली. 'मजकुरासोबत फाँट आणावा. अन्यथा छपाईची जबाबदारी नाही.'

दुसऱ्याच दिवशी येडेनिपाणीचा एक पैलवान गडी दारात चप्पल काढून उभा राहिला. पाटी दोनदा वाचली, मागं वळून कुणाला तरी हाक मारली आणि आत येऊन म्हणाला, "आप्पा, फाँट म्हंजे कोन ते काय कळलं न्हाई. मेव्हन्याला आनलाय. चालंल का?"

आप्पासाहेबांनी मेव्हण्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बसवा आत," ते म्हणाले. "नंबर काय तुमचा?"